पॉलिमर क्लेची मिलेफिओरी फुलं बारीक करताना बिघडतात. क्लास न लावता हे शिकता येईल का?

मिलेफिओरीत रंगीत क्ले रचून असा दांडा करतात की त्याच्या प्रत्येक कापात तेच फूल दिसतं, आणि मग तो दाबून लांब आणि बारीक करतात. तुम्ही लिहिलंय की दांडा जाड असतो तोवर फूल छान दिसतं, पण बारीक केला की पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि काप चपटे निघतात. क्लास न लावताही हे नक्की शिकता येईल. फक्त फुलापासून सुरुवात करू नका. रंग रचणं त्या मानाने सोपं आहे. खरं कसब आहे ते दांडा, म्हणजे केन, बारीक करण्यात. ते हाताला बसेपर्यंत दोनच रंग वापरावेत असं माझं ठाम मत आहे. काळी आणि पांढरी शीट एकावर एक ठेवा आणि अळूवडीच्या उंड्यासारखी घट्ट गुंडाळा. कुठे दाब जास्त पडला, कुठे क्ले सरकली, ते या चक्रात लगेच दिसतं.

केन बिघडते ती बहुतेक वेळा मऊपणातल्या फरकामुळे. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. एक रंग मऊ आणि दुसरा कडक असेल, तर दाबल्यावर मऊ रंग बाहेर पळतो आणि कडक जागेवरच राहतो. मऊ क्ले लाटून साध्या कोऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवा, जास्तीचं प्लास्टिसायझर कागद शोषून घेतो. कडक क्ले मात्र मळतच राहायची. रचून झालेली केनही लगेच दाबायला घेऊ नका. हाताच्या उबेने बाहेरचा थर आतल्यापेक्षा मऊ झालेला असतो. रात्रभर तशीच राहू दे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर हे काम सकाळी लवकरच करावं.

आता बारीक करणं. केन सुरुवातीलाच पोळपाटावर लाटल्यासारखी गोल फिरवू नका, बाहेरचा थर पुढे धावतो आणि मधलं चित्र मागे राहतं. आधी मधोमध चारी बाजूंनी दाबून कंबर काढा, केन थोडी थोडी फिरवत टोकांकडे जा, मग उलटी करून पुन्हा तेच. ती बरीच बारीक झाल्यावरच हलक्या हाताने लाटून गोलाई द्यायची. टोकं तरीही थोडी वेडीवाकडी होतातच, ती कापून टाकावी लागतात.

पाकळ्या ‘मिसळतात’ असं तुम्ही म्हणता, तिथे मला वेगळी शंका येते. ५ सेंमी व्यासाची केन १ सेंमीवर आणली की ती पंचवीसपट लांब होते आणि २ मिमीची रेघ ०.४ मिमीची उरते. गुलाबीशेजारी लाल ठेवला असेल तर एवढ्या बारीक कापात डोळ्यांना दोन रंग वेगळे कळतच नाहीत. बारीक करण्याआधी केनच्या टोकाचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात पाकळ्या दिसेनाशा झाल्या तर कापातही तसंच होणार. म्हणून प्रत्येक पाकळीभोवती गडद रंगाचं पातळ आवरण घालतात. पाकळ्यांमधल्या खाचाही पार्श्वभूमीच्या रंगाच्या त्रिकोणी पट्ट्यांनी भरायच्याच. पोकळी राहिली की दाबताना पाकळी तिच्यात शिरते आणि फूल बिघडतं. गडदपासून फिकटपर्यंत उतरत जाणारी पाकळी हवी असेल तर ‘स्किनर ब्लेंड’ शोधा. अमेरिकेतल्या ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आहे. दोन रंगांचे त्रिकोण जोडून आयत करायचा आणि दर वेळी त्याच दिशेने दुमडून लाटत राहायचं. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. एकसंध रंगाची पाकळी आणि ही पाकळी यांत फार फरक पडतो.

चपट्या कापांवर उपाय सोपा आहे. केन पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पातळ लांब ब्लेड सरळ खाली न्या आणि प्रत्येक कापानंतर केन पाव फेरा फिरवा. दाब मग एकाच बाजूला पडत नाही.

भाजण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. तापमान पाकिटावर असेल तेच ठेवा. बहुतेक क्लेसाठी ते ११० ते १३० अंश सेल्सिअस असतं. वेळ साधारण अर्धा तास, जाड वस्तूला जास्त. ओटीजीच्या आकड्यावर विसंबू नका, आत ओव्हन थर्मामीटर ठेवा. क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. मायक्रोवेव्ह मोड अजिबात नको. नीट भाजलेला पातळ काप थंड झाल्यावर वाकतो. तुटला तर बहुधा कच्चा राहिलेला असतो.

खरेदी करताना ‘एअर ड्राय’ लिहिलेली क्ले घेऊ नका, केन रचता रचताच ती वाळायला लागते. पास्ता मशीनची सध्या गरज नाही. क्लेच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटलं की एकसारखी शीट मिळते. लाटणं मात्र वेगळं घ्या, क्लेला लावलेलं पुन्हा पोळ्यांना वापरायचं नाही.