वसतिगृहाच्या नोकरीत करिअर आहे का?

प्रश्न असा आहे: "मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलंय. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात 'रेसिडेन्शियल लाइफ अँड स्टुडंट कंडक्ट' विभागात सहायक व्यवस्थापक म्हणून ऑफर आली आहे. घरचे म्हणतात ही वॉर्डनचीच नोकरी, नाव तेवढं मोठं. यात पुढे काही आहे का?"

घरच्यांना सांगा, हो, वॉर्डनचीच नोकरी आहे आणि ती हलकी नाही. मी 1999 ते 2023 मुलींच्या वसतिगृहांची रेक्टर होते. आधी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात, नंतर एका विद्यापीठात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून पडतं, त्यामुळे बढतीची स्वतःची अशी शिडी नाही. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत गृहपाल हे रीतसर पद आहे, त्याची भरती निघते. खासगी विद्यापीठांनी आता वेगळे विभाग काढलेत, तिथे वर जायला जागा आहे. पगाराचं तुमचं तुम्ही बघा. क्वार्टर मिळणार का आणि आठवड्यातून एक रात्र तुमच्या जागी कोण थांबणार, हे मात्र लिहून घ्या. रात्री दोन वाजता मुलीच्या पोटात दुखतं तेव्हा विभागाचं नाव उपयोगी पडत नाही.

पण मी लिहायला बसले ते पगारासाठी नाही. तुमच्या पदाच्या नावातला तो 'अँड' वाचून थबकले. मुलांना सांभाळायचं तुम्हीच आणि त्यांच्यावर कारवाईही तुम्हीच करायची. हे मी केलेलं आहे.

2006चा जुलै. दुसऱ्या मजल्यावर चोऱ्या होऊ लागल्या. आधी शंभराची नोट, मग पाचशे, मग एक मोबाइल, आणि शेवटी एका मुलीची सोन्याची रिंग. सोनं गेलं तशी मुलीच्या घरून फोनवर फोन सुरू झाले. तिचे वडील मोठे बागायतदार, संस्थेत ऊठबस असलेले. चौथ्या दिवशी शिस्त समिती बसली.

संशय एकाच मुलीवर होता. सातपुड्यातल्या धडगावकडची, पावरा या आदिवासी समाजाची, दुसऱ्या वर्षाला. बोलायची कमी. मराठी बोलताना आधी मनात जुळवून मग बोलतेय हे कळायचं. तिची शिष्यवृत्ती दरवर्षी उशिरा यायची, म्हणून मेसबिल थकायचं. त्या जुलैत सुट्टीहून आल्या आल्या तिने मागच्या वर्षीची 1,400 रुपयांची बाकी एकरकमी भरली. तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे एवढाच. मेसच्या पावतीची झेरॉक्स फाइलला लावलेली होती, आणि ती काढून दिली होती मी. अध्यक्षांनी मागितली, मी दिली. कशासाठी हवी, हे विचारलं नाही.

समितीत उपप्राचार्य अध्यक्ष, तीन प्राध्यापक आणि मी. ती दारापाशी उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. पैसे कुठून आले? "घरून." घरून म्हणजे कुठून, घरी काय शेती आहे? ती गप्प. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं धरून सगळे पुढे गेले. अर्ध्या तासात अध्यक्ष म्हणाले, "लिहून दे, विषय इथेच संपेल. घरी कळवणार नाही." शिपायाने आखीव कागद आणून दिला. ती टेबलाच्या कोपऱ्यावर वाकली आणि माझ्याकडे बघून तिने हळूच विचारलं, "मॅडम, 'मी चोरी केली' असं लिहू, का 'माझ्याकडून चोरी झाली' असं?"

मी म्हणाले, "दुसरं लिही."

मला वाटलं, मी तिला सोपं करून देतेय. तिने 'चोरि' असं ऱ्हस्व लिहिलं होतं. अध्यक्षांनी ती वेलांटी दीर्घ करून घेतली आणि मग सही घेतली.

घरी कळवणार नाही म्हणाले होते, पण वसतिगृहाचा प्रवेश रद्द केल्यावर पालकांना बोलवावंच लागलं. वडील दोन एसट्या बदलून, रात्रभर प्रवास करून पहाटे आले आणि ऑफिस उघडेपर्यंत पोर्चच्या पायरीवर बसून राहिले. माफीनामा त्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. मुलीची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली, आणि फाटकापाशी मी सोबत गेले तेव्हा म्हणाले, "मॅडम, आमचूर विकलं होतं. त्यातले चौदाशे तिला दिले."

सातपुड्यात मे महिन्यात घरची सगळी माणसं कैऱ्या सोलायला बसतात, फोडी वाळवतात आणि आमचूर व्यापाऱ्याला घालतात. वर्षातून एकदा हातात रोकड येते ती अशी. हे समितीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. पण "घरून म्हणजे कुठून" हे तिला दरडावून विचारण्याऐवजी शेजारी बसवून, पाणी देऊन विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं. ते माझं काम होतं, आणि मी त्या दिवशी न्यायाधीशांच्या रांगेत बसले होते.

ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम तुंबलं. प्लंबरने जाळी उचलली, केसांचा गुंता ओढून काढला, त्यात ती रिंग. मोबाइल आणि पैसे कधीच सापडले नाहीत, कुणी नेले ते आजही मला सांगता येणार नाही. पण रिंग चोरीला गेलीच नव्हती, आणि समिती बसली होती ती रिंगेसाठी.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. माफीनामा फाइलमधून काढावा, प्रवेश पूर्ववत करावा आणि मुलीला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र जावं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, प्रकरण मिटलंय. आणि कबुली तिच्या हस्ताक्षरात आहे." मी वाद घातला. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे सतरा वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकलं: "हॉस्टेल म्हणजे कोर्ट नव्हे. आपण आईबापाच्या जागी आहोत."

22 सप्टेंबरला कर्मवीर जयंती झाली. तेच अध्यक्ष सभागृहात कर्मवीर भाऊराव पाटलांवर बोलले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना भाऊराव 1908 साली अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून काढले गेले, हे त्यांनी फार चांगलं सांगितलं. पुढे त्याच भाऊरावांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं बोर्डिंग चालवलं, आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हेही सांगितलं. टाळ्या झाल्या. माझा अर्ज तेव्हा पर्समध्ये होता, शेरा मारून परत आलेला. बोर्डिंगमधून काढलं गेलेलं पोर कोण असू शकतं, हे त्या माणसाला पाठ होतं, आणि तरी त्यांनी तो कागद फाइलमधून काढला नाही.

मग मी माझ्याच नावाने पत्र लिहिलं. रिंग सापडली, तुझी चूक नव्हती, माझी होती. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोचपावतीवर अंगठा उमटून आला. तिचं ते वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये तिने नंदुरबारला बीएला प्रवेश घेतला, एवढं कळलं.

आता त्या वाक्याबद्दल. आईबापाच्या जागी आहोत म्हणता, तर कोणते आईबाप पोरीला दारात उभी करून चोर ठरवतात? आणि कोर्ट नव्हे म्हणता, पण कोर्टानेच हे कधीचं सांगितलंय. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता यांच्या खटल्यात निकाल दिला. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने मुलांचं म्हणणं न ऐकता कॉपीवरून निकाल रद्द केले होते, ते टिकलं नाही. ज्या अमेरिकेतून तुमच्या पदाचं नाव आलंय, तिथेही 1961 साली डिक्सन खटला झाला. अलाबामाच्या एका सरकारी कॉलेजने गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसून निषेध करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नोटीस न देता काढून टाकलं. आरोप सांगा, म्हणणं ऐका, मगच काढा, असं अपील न्यायालयाने बजावलं. तिथल्या कॉलेजांचा 'आम्ही आईबापाच्या जागी' हा दावा तेव्हापासून ढिला पडत गेला आणि विद्यार्थी शिस्त हा शिकून करायचा व्यवसाय झाला. आपल्याकडे अजून शेलकी भाषणं आणि आखीव कागद यांवर काम चालतं.

माफीनामा हा शिस्त समित्यांचा सगळ्यात घाणेरडा कागद आहे, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. चौकशी न करता प्रकरण मिटवायचं असतं तेव्हा तो लिहून घेतला जातो. विद्यापीठात गेल्यावर मी पहिल्या महिन्यात कुलसचिवांना सांगितलं की निर्णय होण्याआधी मी एकाही मुलीकडून माफी लिहून घेणार नाही. तक्रार लेखी. आरोप काय आहे ते मुलीला तिच्या हातात कागदावर. उत्तराला किमान तीन दिवस. सोबत मैत्रीण किंवा शिक्षिका आणायची मोकळीक. निर्णयाखाली कारणं, आणि दाद कुणाकडे मागायची त्याचं नाव. सुरुवातीला नाकं मुरडली गेली, मग सवय झाली. आणि मी समितीत बसणं सोडलं. बोलावलं तर साक्ष द्यायची, मुलीबद्दल मला जे माहीत आहे ते सांगायचं आणि उठून यायचं. रात्री ज्या बाईच्या दारावर टकटक करायची, तीच दुपारी शिक्षा सुनावणार असेल तर मुली टकटक करत नाहीत. मग ताप, मारहाण, गर्भ, आत्महत्येचा विचार, सगळं तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. म्हणणं ऐकून घ्या म्हणजे प्रत्येक वेळी समोरासमोर उलटतपासणी करा असं नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात मुलं रात्री मुलींच्या वसतिगृहात घुसली होती. समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या माघारी घेतले. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं, कारण मुलांना आरोप सांगितले होते आणि उत्तराची संधी दिली होती. घाबरलेल्या मुलीला आरोपीसमोर उभं करणारा रेक्टर मला नको आहे.

आणि रॅगिंग हा वेगळाच विषय आहे. तिथे 'आपापसात मिटवू' म्हणणाऱ्या वरिष्ठाचं ऐकू नका. महाराष्ट्रात 1999चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2009चे नियम त्याहून तपशिलात आहेत, चोवीस तासांत पोलिसांत तक्रार जायला हवी. हे नियम घरच्यांनाही दाखवा. वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन हवा, त्याने तिथेच किंवा अगदी जवळ राहावं, आणि त्याला शिस्त राखता यायला हवी तसंच तरुण मुलांशी बोलता, त्यांचं समुपदेशन करता यायला हवं, असं त्यात लिहिलंय. एमएसडब्ल्यू झालेल्या माणसासाठीच लिहिलंय जणू.

हेही मान्य करते की सगळ्याला समिती लागत नाही. गेटवर पंधरा मिनिटं उशीर, खोलीत लपवलेली इलेक्ट्रिक शेगडी, मेसमधल्या ताटावरून भांडण, हे मी स्वतः बोलून सोडवायचे. लहान वसतिगृहात दोन वेगळी माणसं ठेवणं संस्थेला परवडत नाही, तेही मला कळतं. तुमच्याकडे मात्र विद्यापीठ आहे, विभाग आहे, त्यांना परवडतं.

तेव्हा जा. पण सही करण्याआधी विचारा की एखाद्या मुलावर कारवाई झाली आणि त्याला दाद मागायची असली, तर त्याने कुणाकडे जायचं. उत्तरात तुमचंच पद आलं तर राहण्याची बाजू मागून घ्या आणि कारवाईची बाजू दुसऱ्याला द्या म्हणावं. आणि रुजू झाल्यावर मेसच्या पावत्या, गेटचं रजिस्टर, आउटपासची फाइल कुणी मागितली, तर कशासाठी हवी ते त्यांच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय झेरॉक्स देऊ नका.