'पाणउतारा करणे' म्हणजे नेमकं काय? 'अपमान करणे' आणि हे एकच का?

चारचौघांत बोलून एखाद्याचा मान उतरवणे, म्हणजे पाणउतारा. यातलं पाणी प्यायचं नव्हे. मोत्याला किंवा तलवारीला असतं ते, म्हणजे तेज, अब्रू. म्हणून 'पानउतारा' लिहू नका, झाडाच्या पानाचा इथे काही संबंध नाही.

ज्याची अब्रू जाते त्याला षष्ठी लागते: 'मुकादमानं सगळ्या कामगारांदेखत त्याचा पाणउतारा केला.' 'त्याला पाणउतारा केला' हे चूक.

अपमान नकळतही होतो. लग्नात मामांना आहेर द्यायचा राहिला, तर त्यांना अपमान वाटेल (आणि पुढची दहा वर्षं ऐकवतील), पण तो पाणउतारा नव्हे. पाणउतारा मुद्दाम करतात आणि त्याला बहुधा बघे लागतात. खोलीत बोलावून सुनावलं तर ती कानउघाडणी. तिच्यात माणूस सुधारावा हा हेतू असतो.

बोलण्यात हा शब्द तसा कमीच. इथे सोलापुरात, नव्या पेठेतल्या दुकानात मालकानं गिऱ्हाइकांसमोर पोराला झापलं, तर लोक सरळ 'इज्जत काढली' म्हणतात. 'पाणउतारा' बातमीत, कथेत किंवा तक्रारअर्जात जास्त शोभतो.