सायटेशन आणि एच-इंडेक्सवरून न्यूरोसायन्समधले टॉपचे संशोधक ठरवता येतात का? पीएचडीसाठी गाइड शोधतोय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधी एवढंच, सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरात तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ, आणि एच-इंडेक्स २० म्हणजे तुमच्या वीस पेपरांना प्रत्येकी निदान वीस सायटेशनं. यादीच हवी असेल तर पहिलं नाव लिहून घ्या, कार्ल फ्रिस्टन, लंडन. २०१६ मध्ये सिमँटिक स्कॉलर या पेपर शोधायच्या सर्च इंजिनवाल्यांनी मेंदूवाल्यांची क्रमवारी लावली, नुसती सायटेशनं न मोजता त्यातली वजनदार कुठली हे सॉफ्टवेअरकडून ओळखून घेऊन, तरी फ्रिस्टनच पहिला. दुसरा रेमंड डोलन, तिसरा रॉबर्ट डेझिमोन. आता पहिला आणि दुसरा हे दोघं लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या एकाच सेंटरचे, ढिगाने पेपर एकत्र लिहिलेले. एका पेपरला एक सायटेशन पडलं की ते दोघांच्याही खात्यात पूर्ण जमा होतं, अर्धं-अर्धं वाटून नाही. शिवाय फ्रिस्टनचा नंबर फुगतो तो एसपीएममुळे, म्हणजे ब्रेन स्कॅनच्या डेटावर स्टॅटिस्टिक्स चालवायची पद्धत आणि तिचं सॉफ्टवेअर. जगभर वापरतात, आणि वापरलं की साइट करावंच लागतं. माणूस थोर आहे, वादच नाही. पण पद्धतीचा पेपर सायटेशन खेचतो तसं कुठलंच शोधाचं काम खेचत नाही. ऑलिव्हर लौरीचा प्रोटीन मोजायचा १९५१ चा पेपर बघा, तीन लाखांच्या वर सायटेशनं. हा लौरी स्वतः मेंदूच्या केमिस्ट्रीवर काम करायचा, पण न्यूरोसायन्सच्या थोरांत त्याचं नाव कुणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

मी इतकं तावातावाने का लिहितेय ते सांगते. मी पॅच क्लॅम्प करते, म्हणजे एकेका मेंदूपेशीतली वीज मोजते. उंदराच्या मेंदूचे ३०० मायक्रॉनचे काप काढायचे, कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) बुडबुडे सोडून ते जिवंत ठेवायचे, मायक्रोस्कोपखाली काचेची पिपेट एका पेशीला टेकवायची, नळीतून तोंडाने हलकंसं ओढायचं आणि पिपेट पेशीला घट्ट चिकटायची, म्हणजे सील बसायची, वाट बघायची. दिवस चांगला गेला तर चार-पाच पेशी मिळतात. नाहीतर सील बसलेलं असतं, रेकॉर्डिंग सुरू असतं आणि कुणीतरी लॅबचं दार आपटतं, संपलं. असल्या कामात एका पेपरला वर्षं जातात आणि तो वाचणारे जगात मूठभर. याउलट एनिग्मासारख्या, जगभरच्या लॅबचे ब्रेन स्कॅन एकत्र करणाऱ्या मोठ्या कन्सॉर्शियममध्ये आपले स्कॅन दिले की शंभर-दोनशे लेखकांत आपलंही नाव येतं, आणि एच-इंडेक्सच्या हिशोबात तो पेपर तुमचा पूर्णच.

तर एका संस्थेत (नाव सांगत नाही) असिस्टंट प्रोफेसरच्या इंटरव्ह्यूला गेले होते. आत गेले तर शॉर्टलिस्टची एक्सेल शीट प्रोजेक्टरवर तशीच उघडी. नाव, टोटल सायटेशन, एच, आणि एचप्रमाणे सॉर्ट केलेलं. मी खालून दुसरी. पहिलाच प्रश्न, "मॅडम, एच इतका कमी का?" मी म्हटलं, "सर, पेपर बघितलेत का माझे?" तर म्हणे एवढा वेळ कुठे असतो. पुढचं सगळं उपचार म्हणून.

निवड शीटवरच्या पहिल्याची झाली. घरी येऊन त्याचं गूगल स्कॉलर प्रोफाइल उघडलं. आडनाव असं की महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडेल आणि पेपरवर नुसतं इनिशियल. खाली स्क्रोल करत गेले तर हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग), हिप्पोकॅम्पस, मग उसाचं उत्पादन, मग रूट कॅनाल! प्रोफाइल बनवताना स्कॉलर विचारतं हे पेपर तुमचेच का, आणि लोक दणादण टिक करत जातात. कदाचित मुद्दाम केलं नसेलही. पण समितीतल्या एकानेही एवढं स्क्रोल करू नये?

आमचा लॅबमधला एक सीनियर यावर अजून मला ऐकवतो की तू जळतेस. त्याचं म्हणणं, आपल्याकडे आकडा नसेल तर वशिला चालतो, आकडा निदान कुणाचा मेहुणा नसतो. ऐकायला भारी वाटतं. पण आकड्यालाही मेहुणे असतात राव, तू मला साइट कर मी तुला करतो, हे काय वेगळं आहे?

आणि ज्या हिर्शने २००५ मध्ये हा एच-इंडेक्स काढला तो फिजिक्सवाला. त्याच पेपरमध्ये जीवशास्त्रात सगळ्यात वर सॉलोमन स्नायडर, मेंदूवरच काम करणारा, एच १९१, आणि फिजिक्समध्ये एडवर्ड विटन, ११०. मग काय स्नायडर विटनपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट हुशार म्हणायचा? फील्ड बदललं की आकड्याचा भाव बदलतो, आणि न्यूरोसायन्स हे एक फील्ड नाहीच. खेकड्याच्या जठराच्या तीसेक न्यूरॉन्सवर आयुष्यभर काम करणारी ईव्ह मार्डर आणि हजारो माणसांचे एमआरआय काढणारे एकाच रांगेत कसे लावणार? आपल्याकडचे ओबेद सिद्दीकी घ्या, माशीला वास कसा कळतो यावर काम केलेले. १९६२ मध्ये मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत मॉलिक्युलर बायॉलॉजीचं युनिट उभं केलं, पुढे बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं केंद्र. ते कुठल्या कॉलममध्ये टाकता?

बरं, तुमचा गाइड. कॉलेजं फ्लेक्स लावतात ती "स्टॅनफोर्डची टॉप टू पर्सेंट" यादी स्टॅनफोर्डची अधिकृत रँकिंग नाही, तिथल्या इयोआनिडिस आणि मंडळींनी स्कोपस या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसवरून केलेली आहे. तरी त्यातल्या त्यात तीच बरी, कारण स्वतःच स्वतःला किती साइट केलंय आणि पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून किती काम आहे हे वेगळं दिसतं. ते कॉलम बघा. मग त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करा, आत असलेल्याला नको, तो खरं बोलणार नाही. पीएचडीला किती वर्षं लागली, फर्स्ट ऑथर पेपर मिळाला का, सर भेटतात का, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

हां, एकाच सबफील्डमधले, साधारण एकाच वयाचे दोघं असतील तर एचवरून थोडंफार कळतं, अगदीच कचरा नाही तो. वशिल्याचा मुद्दाही मी उडवून लावत नाही, छोट्या विद्यापीठांत काय चालतं ते बघितलंय. पण आकड्यावर एवढा जीव असलेल्या आमच्या सीनियरने स्वतः गाइड निवडताना कुणाचा एच बघितला होता? सरांकडे नवीन रिग (रेकॉर्डिंगचा सगळा सेटअप) आलाय आणि लॅब हॉस्टेलपासून जवळ आहे म्हणून आला होता तो.