डोंगरवाटा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सरला की अकोले तालुक्यातल्या डोंगरांबद्दल पत्रं येऊ लागतात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि तिथून कोकणात उतरणाऱ्या वाटा यांबद्दलचे पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

डिसेंबरात आई-वडिलांना कळसूबाईला न्यायचं आहे. दोघं साठीच्या आसपासची, रोज तासभर चालणारी. बारीतून किती वाजता निघावं? शिड्या जमतील का? (नाशिक)

जमेल, पण हिशोब निघायच्या वेळेपासून नको, अंधारापासून मागे मोजत या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बारी गावापासून १६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत साधारण ८५० मीटर चढ आहे. सवयीचा माणूस तासाला ३०० मीटर चढतो. रोज सपाटीवर चालणाऱ्या साठीच्या माणसाला २०० मीटर धरा. म्हणजे सव्वाचार तास चढ, दर तासाला दहा मिनिटं विसावा आणि माथ्यावर पाऊण तास. उतरायला निम्मा वेळ पुरेल असं सगळे धरतात आणि तिथंच फसतात. गुडघे दुखू लागले की उताराला चढाच्या पाऊणपट वेळ लागतो, म्हणजे सव्वातीन तास, वर अर्धा तास विसाव्याचा. एकूण साडेनऊ तासांच्या आसपास. सकाळी सातला पहिलं पाऊल पडलं तर साडेचारला परत गावात. दुपारी एकला जिथं असाल तिथून मागे फिरा, मग माथा समोर दिसत असला तरी.

शिड्या लोखंडी आणि मजबूत आहेत. भीती वाटते ती उतरताना, कारण लोक तोंड दरीकडे करून उतरतात. तोंड शिडीकडे ठेवा, दोन्ही हातांनी धरा, एक पायरी पक्की झाली की मगच दुसरा पाय हलवा. काठ्या आधीच पाठपिशवीला बांधा, हातात अडकवून शिडीवर जाऊ नका. आईच्या खाली एक माणूस राहू द्या, पण दोन-तीन पायऱ्या सोडून. शनिवार-रविवारी आणि नवरात्रातल्या यात्रेत शिडीपाशी रांग लागते आणि वरचा सगळा हिशोब कोलमडतो. मंगळवार-बुधवार जमवता आला तर फार बरं.

नकाशावर घाटवाट कशी ओळखायची? समोर सलग कडा दिसतो आणि गावकरी म्हणतात, "वाट आहे." (डोंबिवली)

गावकरी खरं सांगतात. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा पदर होतो. म्हणून कोकणातून पाहिलं की डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: कडा, पदर, पुन्हा कडा. खडकात उभी भेग असेल, किंवा भेगेत शिरलेला वेगळा खडक झिजून गेला असेल, तर तिथं नाळ, म्हणजे अरुंद उभी घळ, तयार होते. घाटवाट बहुतेकदा अशीच जाते. डोंगराच्या खाली उतरलेल्या सोंडेनं पदरापर्यंत चढायचं, पदरातल्या रानातून आडवं जायचं आणि नाळेतून किंवा खिंडीतून माथा गाठायचा. खालून नाक वर करून वाट शोधणारा चुकतो, कारण मधला आडवा टप्पा त्याला दिसतच नाही.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटर उंचीचा फरक. रेषा एकमेकींपासून १ मिलिमीटरवर असतील तर उतार साधारण २२ अंशांचा, आरामात चालण्याजोगा. अंतर अर्ध्या मिलिमीटरवर आलं की ३९ अंश झाले. तिथं घसारा असणार आणि हात टेकावे लागणार. रेषा एकमेकींना चिकटल्या तर कडा. चिकटलेल्या पाच रेषा दिसल्या तर पहिलीपासून पाचवीपर्यंत किमान ८० मीटरचा कातळ. या चिकटलेल्या पट्ट्यात जिथं रेषा आत, डोंगराच्या दिशेनं वळतात आणि थोड्या सुट्या होतात, ती जागा तपासायची.

पण इथंच मोठी मेख आहे. दोन रेषांमध्ये २० मीटर असल्यामुळे १५ मीटरचा सरळ कातळटप्पा या नकाशावर दिसतच नाही. १५ मीटर म्हणजे पाच मजले. उपग्रहाच्या चित्रातही तो सावलीत लपतो. त्यामुळे नकाशानं सांगावं ते एवढंच: इथं वाट असू शकते. ती आहेच हे जमिनीवरच्या खुणांवरून ठरतं. कातळात खोदलेल्या पावठ्या, पाण्याचं टाकं, शेंदूर लावलेला वाघोबा, रचलेल्या दगडांची फरसबंदी, गुरांच्या खुरांनी झिजलेली पायवाट. नाणेघाटात कातळातली लेणी, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि वर दगडी रांजण आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ती राजरोस व्यापारी वाट होती. बहुतेक घाटवाटांच्या खुणा इतक्या ठळक नसतात. घाटमाथ्यावरचं एक आणि कोकणातलं एक अशी दोन गावं ठरवून विचारा: "सोयरीक कुठल्या वाटेनं होते? बाजाराला कुठून जाता?" ज्या वाटेनं अजून माणसं जातात तीच उघडी राहते. पाच-सात वर्षं कुणी गेलं नाही की कारवीची झुडपं ती गिळतात.

पहिल्यांदा जाताना गावातला वाटाड्या घ्याच. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमधल्या माणसांना रान पाठ असतं. मोबदला निघायच्या आधी ठरवा आणि त्याच्या परतीच्या चालीचाही त्यात विचार करा. तुम्ही कोकणात उतरून गाडीत बसता, त्याला तीच नाळ पुन्हा चढायची असते.

रतनवाडीतून कात्राबाईच्या खिंडीनं कुमशेत आणि पुढे पाचनईवरून हरिश्चंद्रगड करायचा आहे. फेब्रुवारीत पाणी किती न्यावं? (पुणे)

निघताना माणशी चार लिटर, आणि मार्च उजाडला असेल तर पाच. खिंडीपर्यंतचं रान दाट आणि थंड आहे, म्हणून लोक पाणी पीत नाहीत. खिंड ओलांडून उघड्यावर आले की दुपारच्या उन्हात एकदम थकतात. तहान लागायची वाट पाहू नका. दर वीस मिनिटांनी चार घोट. लघवी गडद पिवळी झाली तर तुम्ही मागे पडलात असं समजा.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ विरळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून घरीच मोजून पुड्या बांधून न्या.

फेब्रुवारीत ओढ्यांचे डोह उरतात. त्यांत गुरंही उतरतात. पाणी दुपदरी कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच संपतो, म्हणून गाळणं आधी. कुमशेत आणि पाचनईत घरगुती जेवण मिळतं. आदल्या दिवशी कळवलंत तर त्यांची धावपळ होत नाही.

खिरेश्वरहून तोलार खिंडीनं हरिश्चंद्रगडावर जाताना धुक्यात वाट सुटली. ओढ्याच्या कडेनं उतरलो तर गाव लागेल असं वाटलं, पण सोबतच्यांनी अडवलं. बरोबर कोण? (ठाणे)

सोबतचे. त्यांचे आभार माना.

ओढा खाली जातो हे खरं, पण पाणी कड्यावरून पडू शकतं, माणूस पडू शकत नाही. सह्याद्रीत घाटमाथ्यावरचा ओढा पश्चिमेला वळला की बहुतेक वेळा धबधब्याच्या तोंडाशी संपतो. शेवटचा टप्पा बुळबुळीत कातळाचा असतो, आणि आपण आधी जे उड्या मारत उतरलेलो असतो ते परत चढता येत नाही. माणूस मधोमध अडकतो. शोधपथकांना सगळ्यांत जास्त त्रास याच जागी होतो.

तोलार खिंडीत वाघाचं शिल्प आहे. सरळ वाट पलीकडे कोथळ्याकडे उतरते, गडाची डावीकडे कातळावर चढते आणि तिथं रेलिंग आहे. फसगत होते ती कातळ संपल्यावर. पुढं बुटक्या टेकड्या आणि रानाचे तुकडे एकामागून एक येतात, सगळे सारखे दिसतात आणि गुरांच्या वाटा फुटत जातात. इथं खूण दिसेनाशी झाली की जागच्या जागी थांबा. शेवटची नक्की ओळखीची खूण किती मिनिटांपूर्वी गेली ते घड्याळात बघा आणि तेवढंच मागे चला. ती सापडली नाही तर त्या जागी रंगीत कापड बांधा, सगळ्यांना तिथं बसवा, आणि एकच माणूस शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरात वाट शोधू दे. सगळे चार दिशांना पांगले की एका चुकलेल्या गटाचे चार होतात.

अंधार पडू लागला तर चालणं बंद. कड्यापासून आणि ओढ्याच्या पात्रापासून दूर, वारा अडेल अशा जागी बसा, कोरडे कपडे घाला. फोन आधीपासून विमान मोडवर असेल तर रात्रभर पुरतो. डोंगराच्या धारेवर नेटवर्क येण्याची शक्यता जास्त. ११२ लावा. बोलणं होत नसेल तर घरी लघुसंदेश पाठवा. क्षीण सिग्नललाही तो जातो. त्यात अक्षांश-रेखांश, माणसं किती, जखमी कोण आणि शेवटची ओळखीची जागा लिहा.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आग्या मोहोळाची भीती कितपत खरी? (सांगली)

पूर्ण खरी. कड्याच्या पोटाशी पोळी असतात आणि ती वरून दिसत नाहीत. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि कड्यावरून खाली टाकलेला दगड, ही माशा उठण्याची नेहमीची कारणं. दगड टाकणारा तर खाली साधले घाटानं किंवा नळीच्या वाटेनं चढणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो. माशा उठल्याच तर हात झाडू नका. चेहरा आणि मान कापडानं झाका, कड्यापासून उलट दिशेला, दाट झाडीत शिरा आणि चालत राहा. कड्याकडे पाठ करून पळताना ठेचकाळणं परवडतं, कड्याच्या दिशेनं पळणं नाही. काटा चिमटीत धरून ओढत बसण्यापेक्षा नखानं खरवडून लगेच काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली तर तो माणूस एक चावा असला तरी तातडीनं दवाखान्यात हलवायचा. आधी कधी अशी ॲलर्जी झाली असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध खिशात हवं, पाठपिशवीच्या तळाशी नको.