कारखान्यातील कोणता निर्णय कुठे व्हावा?

प्रश्न : आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीतील भट्टी, कॉम्प्रेसर आणि वाळू प्लांटची सगळी माहिती थेट क्लाउडवर पाठवावी, असे पुरवठादार सुचवतो. हे योग्य आहे का?

सगळी माहिती पाठवण्याचे कारण मला दिसत नाही. निर्णय किती वेळ थांबू शकतो, यावरून तो कुठे घ्यायचा हे ठरवावे. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधील पाण्याचा प्रवाह घटला, तर वीज तोडण्याचे काम भट्टीशेजारच्या यंत्रणेनेच केले पाहिजे. तेथे इंटरनेटचा संबंधच येता कामा नये. कमाल वीजमागणी ओलांडू नये म्हणून एखादा कॉम्प्रेसर काही मिनिटे थांबवणे, हे कारखान्यातल्याच छोट्या संगणकाला, म्हणजे एज गेटवेला, सहज जमते. प्रतिटन किती युनिट लागले याची महिन्याभराच्या हीटमधील, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्यातील, तुलना मात्र खुशाल क्लाउडवर करावी.

आकडेही पाहा. कंपन मोजणारा सेन्सर सेकंदाला 25,600 नमुने घेत असेल आणि प्रत्येक नमुना 2 बाइटचा असेल, तर एका बेअरिंगची एकाच दिशेची माहिती दिवसाला सुमारे 4.4 जीबी होते. गेटवेवरच वारंवारतांचे विश्लेषण करून तेवढाच निष्कर्ष पुढे पाठवला, तर ही माहिती कित्येक पटींनी घटते. पुरवठादार साठवणुकीच्या प्रमाणात पैसे आकारणार आहे का, हेही विचारून घ्यावे.

प्रश्न : भोसरीतील आमच्या वर्कशॉपमधील लेथ जुन्या असून त्यांना कंट्रोलर नाही. त्या जोडता येतील का?

येतील. स्पिंडल मोटरच्या एका फेजच्या केबलभोवती उघडमीट होणारा सीटी, म्हणजे विद्युतप्रवाह मोजणारे कडे, बसवला, की मोटर बंद आहे, रिकामी फिरते आहे की कटिंग चालू आहे, हे विद्युतप्रवाहावरून बहुतांशी कळते आणि त्यासाठी केबल कापावी लागत नाही. यंत्र का थांबले, हे मात्र सीटी सांगू शकत नाही. माल आला नाही, टूल बदलायचे होते, तपासणी बाकी होती, अशा कारणांची चार-पाच बटणे ऑपरेटरच्या हाताशी असावीत. या नोंदींवरून पगार कापण्याची भाषा सुरू झाली, तर प्रत्येक वेळी ‘इतर’ हेच बटण दाबले जाईल.

प्रश्न : साताऱ्यातील आमच्या प्लांटचे नेटवर्क वारंवार जाते. त्यामुळे काही नोंदी गहाळ होतात, तर काही दोनदा येतात. सेन्सरचे संदेश पोहोचवणारा एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल बदलावा का?

बदलू नका. हा प्रोटोकॉल 1999 मध्ये तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती उपग्रहामार्गे आणण्यासाठीच तयार झाला, त्यामुळे दुबळी जोडणी त्यात गृहीत धरलेली आहे. संदेश पोहोचण्याची किती हमी द्यायची हे ठरवणारी आपली सेवापातळी बहुधा 1 असावी. ‘किमान एकदा पोहोचवीन’ एवढेच तिचे वचन असल्याने पोच वाटेत हरवली, की तोच संदेश पुन्हा येतो. प्रत्येक नोंदीला सेन्सरजवळच अनुक्रमांक आणि वेळ द्या, म्हणजे पुनरावृत्ती वगळणे सोपे होईल. गहाळ नोंदींसाठी गेटवेच्या डिस्कवर साठवण ठेवा आणि सर्व गेटवेंची घड्याळे कारखान्यातील एकाच टाइम सर्व्हरशी जुळवा. अन्यथा कोणता बिघाड आधी झाला, याची चर्चा व्यर्थ ठरेल.

प्रश्न : यंत्र बनवणारी कंपनी पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला, बाहेरून कायम जोडून राहण्याची परवानगी मागते. द्यावी का?

कायमची देऊ नये. पीएलसीशी संवाद साधण्यासाठी 1979 पासून चालत आलेल्या मॉडबस या प्रोटोकॉलच्या मूळ रचनेत ओळख पटवण्याची सोयच नाही. त्यामुळे नेटवर्कवर शिरलेला कोणीही पीएलसीतील मूल्ये बदलू शकतो. यंत्रांचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे ठेवा, दुरुस्तीपुरतीच जोडणी उघडा आणि कोणी काय बदलले याची नोंद आपल्या ताब्यात ठेवा.