सोलरचं गरम पाणी अचानक थेंबथेंब येतंय, लाईनमध्ये हवा अडकली असेल का?

टाकी धुतल्यानंतर गरम नळ थुंकल्यासारखा फसफसतो, मग करंगळीएवढी धार, आणि शेजारचा थंड नळ मात्र जोरात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक हवाच. मुंबईत वरच्या मजल्यांवर हे फार, कारण टाकी डोक्यावर जेमतेम 3 मीटर. म्हणजे दाब साधारण 0.3 बार. पाईप गच्चीच्या कठड्यावरून कमानीसारखा वर चढून उतरत असेल, तर त्या उंचवट्यात बसलेली हवा ढकलायला एवढा दाब पुरत नाही.

प्लंबरला फोन करण्याआधी हे करा. भल्या पहाटे, पाणी कोमट असताना (दुपारी नको, हात भाजेल). बाथरूमच्या मिक्सरचे दोन्ही कॉक पूर्ण उघडा आणि तोटी तळहाताने घट्ट दाबून धरा. थंड पाणी उलटं गरम लाईनमध्ये शिरतं आणि हवा वर टाकीकडे रेटतं. अर्धा मिनिट धरा, सोडा, तीन-चारदा करा. पाईपात गुडगुड ऐकू आली की समजा जमलं. लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर मात्र उपयोग नाही.

आमच्याकडे तासभर हे केल्यावर कळलं, टाकी धुणाऱ्याने गेट व्हॉल्व्ह (पाईपवरचा चाकाचा कॉक) अर्धाच उघडला होता! तो आधी बघा.

दर वेळी होत असेल तर त्या उंचवट्यावर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हवा बाहेर सोडणारा उभा व्हेंट पाईप काढून घ्या, तोंड थंड टाकीच्या पातळीच्या वर.