इंग्लंडमध्ये काउन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) बेघरांसाठीची मदत नाकारली. कोर्टातल्या अपीलसाठी लीगल एड (वकिलाच्या खर्चाला सरकारी मदत) मिळते का?
मिळू शकते. मात्र आधी काउन्सिलकडे रिव्ह्यू (निर्णयाचा फेरविचार) मागावा लागतो. तोही विरोधात गेला, तर १९९६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम २०४ खाली काउंटी कोर्टात अपील, तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. अपीलची मुदत रिव्ह्यूचा निर्णय कळल्यापासून २१ दिवस, त्यामुळे सॉलिसिटर (वकील) आजच शोधा.

लीगल एडसाठी केसमध्ये दम हवा आणि मिळकत मर्यादेत हवी: महिन्याचे ढोबळ उत्पन्न साधारण २,६५७ पौंडांपर्यंत, ठरलेल्या वजावटींनंतर ७३३, बचत ८,००० पर्यंत. जोडीदाराचेही सहसा धरतात. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळत असेल तर उत्पन्न तपासत नाहीत, पण बचत बघतातच. पुण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर तोही सांगावा लागेल, लपवू नका!